वरचा मजला रोजच्या भाड्यानं द्यायचाय: परवानग्या, कर आणि रेट (संभाजीनगर आणि मराठवाडा)

गारखेडाकर

नमस्कार मंडळी,

गारखेडा परिसरात आमचं स्वतःचं दुमजली घर आहे. खाली मी आणि हे राहतो. वरच्या मजल्यावर हॉल, एक बेडरूम, छोटं किचन, बाथरूम, आणि जिना बाहेरून. लेक पुण्याला गेल्यापासून तो मजला बंदच असतो. कायमचा भाडेकरू नको वाटतो, कारण लेक-जावई सुट्टीला आले की त्यांना जागा लागते. भाचा म्हणाला, मावशी, एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉमवर टाका. वेरूळ-अजिंठा बघणारे येतील, खंडपीठात तारीख असलेले येतील, घाटीच्या सरकारी दवाखान्यात ज्यांचा पेशंट आहे ते येतील, शेंद्रा-वाळूजला कंपनीच्या कामाला आलेले येतील.

कल्पना पटली, पण चार ठिकाणी विचारलं तर चार उत्तरं मिळाली. एकजण म्हणतो काहीच परवानगी लागत नाही, स्वतःचं घर आहे. दुसरा म्हणतो हॉटेलचं लायसन्स काढावं लागेल, घरपट्टी व्यावसायिक होईल, लाइट बिल तिप्पट येईल. ह्यांची सगळी नोकरी सरकारी खात्यात गेली, त्यामुळे लपूनछपून काही करायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे. नियमात बसत असेल तर करू, नाहीतर राहिलं.

रेटचंही तसंच. आमच्या मागच्या गल्लीत कुणीतरी १,२०० रुपयांना देतं. सिडकोत तेवढीच जागा २,५०० ला दिसते. माझ्या मनात १,८०० आहे, पण तो आकडा कशाच्या आधारावर, ते मला सांगता येणार नाही. पाण्याचं तर विचारूच नका, नळाला किती दिवसांनी येतं ते इथल्या लोकांना माहीत आहे.

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

एन सात सिडको

ताई, मी स्वतः हे करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

पर्यटन खात्याची नोंदणी, महापालिकेचं काम आणि पोलिसांचं काम ही तीन वेगवेगळी दारं आहेत. एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही. आणि ऑनलाइन साइटवर घर दिसायला लागलं म्हणजे परवानगी मिळाली, असं तर अजिबात नाही. स्थानिक नियम पाळायची जबाबदारी माझी, असं साइट तुमच्याकडून आधीच मान्य करून घेते.

पहिलं दार पर्यटन संचालनालयाचं. राज्याची 'निवास व न्याहारी' योजना तुमच्यासारख्या घरासाठीच आहे. लोक अजून एमटीडीसीत जाऊन विचारतात, पण एमटीडीसी हे पर्यटन विकास महामंडळ आहे, ते स्वतःची निवासं चालवतं. नोंदणीचं काम आता संचालनालयाकडे आहे आणि त्यांचं प्रादेशिक कार्यालय आपल्या शहरातच आहे. मूळ विचार असा की मालक कुटुंबासह तिथे राहतो आणि जास्तीच्या खोल्या पाहुण्यांना देतो. केंद्र सरकारची 'अतुल्य भारत' नावाची अशीच योजना आहे, तिच्यात १ ते ६ खोल्या आणि जास्तीत जास्त १२ खाटा चालतात. तुम्ही खाली राहता ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. मालकीचा पुरावा, बांधकाम परवानगी, कर भरल्याची पावती, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी ही कागदं आधी गोळा करून ठेवा.

घर तुमच्या नावावर असेल तर 'आई' धोरणाचीही चौकशी करा. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी २०२३ साली आलेलं धोरण आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, संचालनालय परत देतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख, जे आधी होईल तोवर. वरच्या मजल्याचं बाथरूम, सोलर, पाण्याची टाकी यासाठी कर्ज काढणार असाल तर फार उपयोगाचं आहे. मला वाटतं आपल्या भागातल्या बायकांना हे कुणी नीट सांगतच नाही.

पोलिसांचं दार लोक टाळतात आणि तिथेच फसतात. घरात उतरणाऱ्याची माहिती ठाण्यात देण्याबाबत पोलीस आयुक्तालयाचे आदेश वेळोवेळी निघतात. आपल्या ठाण्यात स्वतः जाऊन भेटा, काय करणार आहोत ते लेखी द्या, पोच घ्या. एक नोंदवही ठेवा: नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, गाडीचा नंबर, येण्या-जाण्याची वेळ, सही. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, तीच मागा. तुमच्याकडे ठेवलेली लोकांची कागदं हीसुद्धा एक जोखीम असते.

महापालिकेबद्दल इथे कुणी जाणकार असेल तर त्यांनीच लिहावं.

कर विभाग निवृत्त

लिहितो. माझी नोकरी एका महापालिकेच्या मालमत्ता कर विभागात झाली, म्हणून खात्रीचं तेवढंच सांगतो.

घरपट्टी ठरते ती वापरावर. निवासी वापराचा दर वेगळा, बिगरनिवासी वापराचा वेगळा, आणि त्यात फरक मोठा. मालक जिथे राहतो त्याच घरातल्या एकदोन खोल्या निवास-न्याहारीखाली नोंदवलेल्या असतील, तर 'हा निवासी वापरच आहे' असं तुम्हाला नोंदणीपत्र दाखवून मांडता येतं. तोच मालक दुसरीकडे रिकामा फ्लॅट घेऊन रोजच्या भाड्यानं चालवत असेल, तर ते मांडणं अवघड. वीजबिलाचंही तसंच. नोंदणीपत्र हातात आलं की त्याची प्रत जोडून घरगुती दर कायम ठेवण्याचा अर्ज महावितरणकडे आणि महापालिकेकडे, दोन्हीकडे द्या. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आपला अर्ज आधी पडलेला असला की फार फरक पडतो. फाइलवर कोणाचा कागद आधी आला, ते बघितलं जातं.

आता या शहराचा खरा अडथळा. ताई, तुमचं घर गुंठेवारीत, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर, येतं का? सातारा-देवळाई, बीड बायपासच्या पलीकडे, पुंडलिकनगरच्या बाजूला, कितीतरी घरं बाँडवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताऐवजी नुसत्या स्टँपपेपरवर, घेतलेल्या प्लॉटवर उभी आहेत. तिथे बांधकाम परवानगीच नसते, मग ती मागणाऱ्या नोंदणीला काय जोडणार? २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याच्या कक्षेत आली. ज्यांनी अजून नियमित केलं नाही त्यांनी आधी ते करावं. पाहुण्यांसाठी म्हणून नाही, उद्या घर विकायचं म्हटलं तरी हाच कागद लागणार आहे.

आणखी एक. वरचा मजला मंजूर नकाशात आहे का, ते बघा. तळमजला मंजूर आणि वरचा नंतर चढवलेला, अशी घरं गारखेड्यात पुष्कळ आहेत. अर्ज करण्याआधी नकाशा कपाटातून काढा.

गारखेडाकर

आमचं घर गुंठेवारीत नाही, गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमधला प्लॉट आहे. नकाशा ह्यांनी काल रात्री शोधला. दोन्ही मजले त्यात आहेत. जिना मात्र नकाशात आतून दाखवलाय, प्रत्यक्षात बाहेरून आहे. ते वास्तुविशारदाला विचारते.

पैठण गेट

वाचतोय. जीएसटीचं कुणीतरी लिहा, माझी स्वतःची खोली त्याच भीतीनं अडकली आहे.

हिशेब तपासनीस

भीती बाळगू नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. ही मर्यादा पॅनवर मोजतात, खोलीवर नाही. त्यामुळे त्याच पॅनवर दुकान किंवा दुसरा व्यवसाय असेल तर सगळं मिळून बघायचं.

साइटवरून आलेल्या बुकिंगवर मात्र जीएसटी लागतोच, फक्त तो तुम्ही भरायचा नाही. नोंदणी नसलेल्या मालकाच्या वतीनं कायद्यानं ती जबाबदारी साइटवर टाकली आहे. पाहुण्याच्या बिलात तो वेगळा दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचा ७,५०० रुपयांपर्यंतचा दर असलेल्या खोलीवर तो ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. आपल्या शहरातली घरं जवळजवळ सगळी याच टप्प्यात बसतात. तरीही १२ टक्के धरून रेट सांगणारे अजून भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आयकराकडे लक्ष द्या. महिन्याचं भाडं हे 'घर मालमत्तेचं उत्पन्न', त्यात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रोजच्या भाड्यात चादरी, सफाई, चहा-नाश्ता अशी सेवा आली की ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. तिथे ती वजावट नाही, पण प्रत्यक्ष खर्च वजा करता येतात. म्हणून पावत्या जपा, धोब्याची चिठ्ठीसुद्धा. साइट तुमच्या रकमेतून ०.१ टक्का टीडीएस कापते. व्यक्ती म्हणून नाव नोंदवलं असेल, पॅन दिला असेल आणि त्या साइटवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तोही कापत नाहीत. पॅन दिलाच नाही तर ५ टक्के जातात.

आता ताईंचा १,८०० रुपयांचा आकडा धरून हिशेब मांडतो. साइटचं कमिशन १५ टक्के धरू. प्रत्येक साइटचं वेगळं असतं, तुमचा करार बघा.

१,८०० मधून कमिशन २७०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४८.६०. हातात आले १,४८१.४०. आता खर्च. सफाईच्या बाईंना २००, चादरी-टॉवेल धुलाई १२०, एसी रात्रभर चालला तर वीज १००, पाणी ६०, दोघांचा चहा-पोहे ८०, साबण-शांपू वगैरे ३०. मिळून ५९०. उरले ८९१ रुपये.

तोच पाहुणा दोन रात्री राहिला तर सफाई, धुलाई आणि साबण एकदाच. दोन रात्रींचे ३,६००, कमिशन आणि त्यावरचा कर मिळून ६३७ गेले, खर्च ८३०. उरले २,१३३, म्हणजे रात्रीला १,०६६. दोन रात्रींना १० टक्के सूट दिली तरीही रात्रीला ९१८ उरतात, एका रात्रीच्या ८९१ पेक्षा जास्तच. म्हणजे दोन रात्रींवरची सूट तुमच्या खिशातून जात नाही. एका रात्रीची सूट मात्र पूर्ण तुमच्याच खिशातून जाते. मागच्या गल्लीतले १,२०० ला देतात म्हणता ना? हेच खर्च घातले तर त्यांच्याकडे ४०० रुपयेही उरत नाहीत. त्यांचा रेट बघून आपला ठरवू नका.

गारखेडाकर

इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे हा मजला महिन्याच्या भाड्यानं साधारण दहा-अकरा हजाराला जातो. म्हणजे महिन्यात बारा रात्री भरल्या तर बरोबरी?

हिशेब तपासनीस

जवळजवळ. बारा रात्रींचे १०,७०० च्या आसपास होतात, त्यातून वायफाय आणि किरकोळ दुरुस्ती वजा करा. शिवाय तुमची मेहनत. ती कुणी हिशेबात धरत नाही, पण रात्री अकराला उठून किल्ली द्यावी लागते. बाराच्या खाली सतत राहिलं तर महिन्याचा भाडेकरू बरा, असं मी सरळ सांगेन. तुमची गरज वेगळी आहे, लेकीसाठी जागा मोकळी हवी. त्या सोयीचीही काही किंमत धरा.

वेरूळची वाट

रेटचा विषय निघालाच आहे तर माझ्या बाजूचं लिहितो. मी वेरूळजवळ होमस्टे चालवतो, पाहुण्यांना लेण्या दाखवतो.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. पर्यटक इथेच अडकतात. रविवारी रात्री मुक्काम नको म्हणतात, कारण सोमवारी 'लेणी बंद'. कुठली लेणी, ते बघतच नाहीत. मी माहितीत ठळक लिहून ठेवलं: रविवारी संध्याकाळी या, सोमवारी वेरूळ, दौलताबाद आणि खुलताबाद करा, मंगळवारी पहाटे अजिंठ्याला निघा. दोन रात्रींचा मुक्काम अगदी बरोबर बसतो, आणि आठवड्यातल्या सगळ्यात पडत्या रात्री भरतात. हिशेब तपासनीसांचं दोन रात्रींचं गणित इथे लागू पडतं. शहरातून वेरूळ साधारण ३० किलोमीटर, अजिंठा १०० च्या आसपास, त्यामुळे एका दिवसात दोन्ही करा असं पाहुण्याला कधीच सांगू नका. दमून जातो आणि त्या दमण्याचा राग तुमच्या घराच्या रिव्ह्यूवर निघतो.

कॅलेंडर स्वतः बनवा. साइट जे 'आपोआप दर' सुचवते तिला श्रावण सोमवारी घृष्णेश्वराला किती गर्दी असते ते कळत नाही. महाशिवरात्र, श्रावणातले सोमवार, हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला रात्री चालत जाणारे हजारो लोक, नाथषष्ठीला पैठण. यातली बरीच मंडळी खोली घेतच नाहीत, दर्शन घेऊन परततात. म्हणून गर्दी दिसली की रेट दुप्पट केला, असंही चालत नाही. गाडीनं येणारं कुटुंब मुक्काम करतं, त्यांना पार्किंग आणि सकाळी लवकर गरम पाणी हवं असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये ऊन असं असतं की रेट कमी करूनही पर्यटक येत नाही, त्या काळात कंपनीवाले आणि लग्नाचे पाहुणे धरा. पावसाळ्यात पुण्या-नाशिकहून शनिवार-रविवार भरतात.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबई आणि नागपूरकडचे लोक रात्री उशिरा पोचायला लागलेत. किल्ली द्यायची शेवटची वेळ लिहून ठेवा.

आणि ज्यांना वेरूळ, दौलताबाद किंवा मकबऱ्याजवळ नवीन खोल्या बांधायच्या आहेत त्यांच्यासाठी: संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी लागते. दुरुस्तीलासुद्धा विचारावं लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला इथे पुरत नाही. शेतजमीन असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी बघा, तो वेगळा आणि चांगला मार्ग आहे.

उल्कानगरी फ्लॅट

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये दोन फ्लॅट असेच चालतात. मालक इथे राहत नाहीत. रोज वेगळी माणसं, रात्री दोनला बॅगा ओढल्याचा आवाज, लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे, आणि पाणी टँकरचं, ज्याचे पैसे आम्ही सगळे समान भरतो. दोन माणसांच्या घरात आठ माणसं अंघोळ करून जातात. माझ्या घरी म्हातारी आई आहे, दार उघडं ठेवायची सवय तिला सोडावी लागली. तुम्ही सगळे रेट आणि टक्के बोलताय, शेजाऱ्याचं कोण बोलणार?

एन सात सिडको

दादा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि याच कारणासाठी मालक जिथे राहतो त्या घराला योजनेत जागा आहे. मालक खालीच असेल तर रात्री दोनला आवाज होतच नाही, कारण त्याची स्वतःची झोप मोडते.

तुमच्याकडे करण्यासारखं आहे. सहकारी संस्था असेल तर फ्लॅट दुसऱ्याला वापरायला दिल्याची माहिती मालकानं संस्थेला द्यायलाच हवी. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे, त्यामुळे दंड म्हणून पाच-दहा हजार लावायचं कुणी सुचवलं तर ते टिकणार नाही. पण टँकरचा खर्च माणसी किंवा मीटरनं वाटायचा ठराव सर्वसाधारण सभेत करता येतो. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवलं आणि भांडण त्या दिवशी थांबलं. पाहुण्यांची नोंद वॉचमनकडे हवी, हेही लिहून घ्या.

उल्कानगरी फ्लॅट

मीटरची कल्पना पुढच्या सभेत मांडतो. पण मालक गावात नसताना असा धंदा करूच नये, या मतावर मी ठाम आहे.

तुळजापूर वेस

आमच्याकडं तुळजापुरात हे काही नवीन नाही बघा. पुजाऱ्यांच्या घरी यजमान उतरायची पद्धत पिढ्यान् पिढ्या आहे. ज्याचा जो पुजारी, त्याच्याच वाड्यात मुक्काम. वहीत घराण्याची नोंद असते, आजोबा कधी आले तेपण सापडतं. आता पोरं त्याच वाड्यात संडास-बाथरूम बांधून एसी लावून खोल्या द्यायलेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की यजमान आणि ऑनलाइन पाहुणा, दोघांचा हिशेब वेगळा ठेवा. यजमान देईल ते घ्यायचं, त्याला रेट सांगायचा नसतो. नवरात्रात खोलीचे भाव चढतात म्हणून ओळखीच्या यजमानाची खोली काढून दुसऱ्याला दिली, तर ते घराणं परत येत नाही.

आमचा हंगाम पण वेगळा. नवरात्र आणि त्यानंतरची पौर्णिमा, मग दर मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा. खोलीचा रेट माणसांवर लावता येत नाही, एका खोलीत सातजण येतात. आम्ही खोलीचा एक रेट आणि चार माणसांच्या वर गादीचे वेगळे पैसे असं ठेवलं. आमच्याकडं महापालिका नाही, नगरपरिषद आहे, पण घरपट्टी, पोलीस, नोंदवही सगळं तेच.

गोदाकाठ नांदेड

नांदेडचा अनुभव जोडतो. इथे गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत, अगदी कमी पैशात स्वच्छ खोली. स्वस्तात त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नये, ते सेवेचं काम आहे. चालतं ते वेगळं: स्वयंपाकघर असलेलं घर, म्हातारी माणसं सोबत असलेलं मोठं कुटुंब, परदेशातून आलेली शीख मंडळी जी आठवडाभर राहतात. त्यांना आम्ही आठवड्याचा रेट देतो. हॉल-किचन असलेल्या ताईंच्या घरालाही हे लागू पडेल. घाटीत किंवा कर्करोग रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला किचन मिळालं तर ते पंधरा दिवस राहतं. त्यांच्याकडून पर्यटकाचा रेट घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आठवड्याला सफाई एकदाच, कमिशन बहुतेक वेळा नाही, म्हणजे कमी घेऊनही तुमचं नुकसान होत नाही.

एन सात सिडको

नांदेडकरांशी पूर्ण सहमत.

पाण्याचं राहिलं होतं. आपलं पाणी जायकवाडीहून येतं आणि नळाचे दिवस कधी पुढे जातील सांगता येत नाही. म्हणून पाहुण्यांसाठी वेगळी टाकी हवीच, खालच्या घरच्या टाकीवर वरचा मजला चालवू नका. बादली आणि मग ठेवा, शॉवरला कमी धारेची जाळी बसवा. माहितीत सरळ लिहा की शहरात पाणी जपून वापरावं लागतं. मुंबईचा माणूस हे वाचून नाराज होत नाही, न सांगता नळ कोरडा पडला तर होतो. टँकरच्या पावत्या ठेवा, उन्हाळ्याचे चार महिने पाण्याचा खर्च ६० रुपयांवर राहत नाही. उन्हाळ्यात रेटमध्ये तो धरावा लागेल.

पैठण गेट

बाथरूमचं निघालंय तर एक विनंती सगळ्यांना. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो पाहुणे येण्याआधी बाहेर काढा. दार-खिडकी लावून अंघोळ केली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडल्यावरच कळतं. घरच्यांना सवयीनं खिडकी उघडी ठेवायचं माहीत असतं, पाहुण्याला नसतं. सोलर किंवा विजेचा गिझर बसवा. किचन देणार असाल तर अग्निशामक सिलिंडर भिंतीवर हवा आणि त्याची मुदत बघा. यात पैसे वाचवू नका, कळकळीनं सांगतोय.

गारखेडाकर

गिझर गॅसचाच आहे, आणि बाथरूमच्या आत. हे आधी बदलणार.

आम्ही दोघांनी बसून असं ठरवलंय: एका रात्रीला २,०००, दोन रात्रींना १० टक्के कमी, आठवड्याचा वेगळा रेट आणि पेशंटसोबत आलेल्यांना तो आणखी कमी. पोह्याऐवजी एखाद्या दिवशी थालीपीठ. नोंदणीपत्र येईपर्यंत साइटवर टाकणार नाही. ह्यांनी ठाण्यात द्यायचा अर्ज लिहायला घेतलाय.

दोन शंका. न्याहारी दिली तर खाद्यपदार्थांचं वेगळं लायसन्स लागतं का? आणि अजिंठ्यामुळे जपान, थायलंड, श्रीलंकेचे बौद्ध पाहुणे येतात म्हणे. परदेशी माणूस आला तर काय करायचं?

वेरूळची वाट

न्याहारीसाठी अन्नसुरक्षेची साधी नोंदणी ऑनलाइन होते, लहान व्यवसायाला वर्षाला १०० रुपये शुल्क आहे. ती करून टाका.

परदेशी पाहुण्यासाठी लोक ज्याला सी फॉर्म म्हणतात तो फॉर्म. पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची. हॉटेल असो की घर, पैसे घेतले असोत की नसोत, जागा देणाऱ्यावर ती जबाबदारी आहे. त्यासाठी घराचं खातं आधी उघडून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि ते पोलीस आयुक्तालयाच्या परदेशी नागरिक शाखेतून होतं. पाहुणा दारात उभा असताना खातं उघडता येत नाही. तुमचा ठाण्याचा अर्ज घेऊन काका जाणारच आहेत, त्याच दिवशी आयुक्तालयातही जाऊन या. पासपोर्टचं फोटोचं पान आणि व्हिसाचं पान, दोन्हीचे फोटो लागतात. व्हिसाची मुदत तुम्ही स्वतः वाचा. हे पाहुणे सकाळी सहाला निघतात, त्यामुळे थालीपीठ बांधून द्यायची तयारी ठेवा.